पोथीतली बांधी

अरे ऐका ना, सिहोऱ्याकडची गोष्ट आहे. गावात प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला न, त्या सालची. रुखमिणी तिथं नवीनच वाचाले शिकली होती. अन् एकदा शिकली तं काही सोडेच नाही, बिडीचं पुडकं, एसटीची पाटी, खताची थैली, सारं वाचाची.

तिचा नवरा कवडू. त्यानं रोवण्याच्या आधी मधला मातीचा धुरा शेजारच्या देवकाबाईच्या बांधीत, म्हणजे तिच्या धानाच्या वावरात, हातभर सरकवला. म्हातारी एकटी, पण गप बसणारी नाही. मंग दादाजी पाटलानं दोघांले मारुतीच्या देवळात बोलावलं. तिथं लाल फडक्यात एक पोथी होती. तिच्यावर हात ठेवून जे सांगतलं ते खरं, भांडण खतम. खोटं बोलला त्याचं पीकपाणी बुडते म्हणत. पुजारी मेल्यापासून तिले कोणी उघडलंच नव्हतं, नुसतं हळदकुंकू वाहाचे.

कवडू काही हात ठेवाले तयार नाही. संगं आलेल्या बायकोले हळूच म्हणे, "तू ठेव. धुरा जुनाच आहे म्हण. तुले का होते?"

"अन् तुमाले का होते?"

"मले धान कापाचं आहे."

पण रुखमिणीची नजर त्या फडक्यावरच. सारं गाव जिच्यावर हात ठेवते, ती म्हणते तरी काय?

"दादाजी, उघडून पाहू का?"

"पोथी हात ठेवाले असते बाई, वाचाले कायले?"

"देवाचा शब्द आहे म्हणता न? मंग तो का म्हणते, ते तं ऐकू द्या."

कोपऱ्यातून देवकाबाई बोलली, "पाहू दे तिले. माझी बांधी गेलीच, थोडा टाइमबी जाऊ दे."

रुखमिणीनं गाठ सोडली, मधातलंच पान काढलं, बोट ठेवून लागली वाचाले. "अ... सत्य... बां... धी." अन् दचकलीच. "अजी, याच्यात आपली बांधी लिहून आहे."

कवडूले घाम फुटला. दादाजी पोट धरून हासले. "अवो, ते शेतातली बांधी नाही. जुनी भाषा आहे. बांधी म्हणजे बांधते. असत्य माणसाले बांधते, सत्य सोडवते, असं आहे ते."

कवडूच्या जिवात जीव आला. "पाह्य, शेताचं काहीच नाही. ठेव हात अन् चाल घरी."

आता ठेवता आला असता. पण तिचं बोट त्या अक्षरावरून हालेच ना. बांधते. धुरा सरकवल्यापासून ती लांबच्या विहिरीवर पाण्याले जाऊन राहिली होती, काहून का जवळची विहीर देवकाबाईच्या आंगणासमोर. कवडू म्हातारीले पाहून पानठेल्यावरून उठून जाये. कोणी बांधलं होतं त्यायले? अन् लिहिणाऱ्याले कसं समजलं?

तिनं उघड्या पानावरच हात ठेवला. "धुरा जुना नाही. हातभर सरकला आहे. आमीच सरकवला."

मंग कवडू दातओठ खाऊन म्हणे, "आता घरी कोणत्या तोंडानं येशीन?"

"याच तोंडानं," रुखमिणी म्हणे. "पण पयले फावडा घ्या."

तो उठला. घराकडं फावडा आणाले गेला अन् तसाच बांधीच्या वाटेनं लागला. रुखमिणी त्याच्या मागं, अन् तिच्या मागं देवकाबाई बोंबलत, "हातभर नाही वो, दीड हात होता."