मुख्याध्यापकांकरिता

शाळेच्या ऑफिसात बसून तिने आजवर इतकी पत्रं लिहिली होती की बोटांना आता विचारायची गरज पडत नसे. सहल पुढे ढकलली, दाखला मिळणार नाही, गणवेशाचे बूट काळेच हवेत. मुख्याध्यापक नेहमी कुठल्या ना कुठल्या बैठकीत असायचे, म्हणून रोजच्या पत्रांखाली ती ‘मुख्याध्यापकांकरिता’ असं लिहून खाली आपली बारीकशी सही ठोकायची. मुलं तिला ऑफिसताई म्हणत. पालकही तेच म्हणत. काही पालकांना तर वाटायचं, हेच तिचं आडनाव आहे.

आता शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार होती. मोठ्या शाळेत ऑफिस होतं, ऑफिसात माणसं होती, आणि महिनाअखेरीनंतर हिची खुर्ची कुणालाच नको होती.

दोन जागा समोर होत्या. एक मालाच्या गोदामातली, पावत्या तपासण्याची, कायम रात्रपाळीची. ती जवळजवळ हातातच होती. गोदामाच्या व्यवस्थापकाने शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा, एवढंच सांगितलं होतं. दुसरी जागा मुलांच्या रुग्णालयातली, स्वागतकक्षात बसायची, दिवसाची. तिला हवी होती ती ही. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे कोण मध्येच अडकलं की त्याला रात्रीअपरात्री निघावं लागे. तीही रात्री बाहेर असली तर घरात उरणार होते गुडघ्यांनी अधू झालेले सासरे आणि तिसरीतली पोरगी. त्या दोघांपैकी कोण कुणाला सांभाळणार?

रुग्णालयाच्या जाहिरातीत एक ओळ होती: ‘सोबत स्वतःविषयी एका पानाचे पत्र जोडावे. हे काम तुम्हाला का करायचे आहे, ते लिहावे.’

“पत्रच ना?” नवरा म्हणाला. “मग तुला काय अवघड आहे? तू तर पत्रांची गिरणी.”

तिलाही तसंच वाटलं. तिने एका बैठकीत पत्र लिहून त्याच्या हातात दिलं. तो चहा पीत उभा होता. वाचू लागला.

“‘विषय : स्वागतकक्ष सहायक या पदाकरिता अर्ज सादर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर अर्जदारास शालेय कार्यालयीन कामाचा दीर्घ अनुभव असून, सदर कालावधीत बालकांशी सौजन्याने वागण्यात आलेले आहे.’” त्याने कप खाली ठेवला. “उद्या पाणी येणार नाहीये का?”

“चेष्टा नको करूस.”

“अगं, चेष्टा नाही. मला खरंच वाटलं, बादल्या भरून ठेवाव्यात. यात तू कुठे आहेस?”

“आहे की. ‘सदर अर्जदार.’”

“ती कोण? तिच्याशी लग्न केलं असतं तर मी आत्तापर्यंत लिफ्टच्या खड्ड्यात उडी मारली असती.”

तिला हसू आलं, पण क्षणभरच. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी चार वाजता संपत होती.

मग तिने फोनवर नमुने शोधले. सगळ्या नमुन्यांमधली माणसं एकसारखी होती. सगळी कष्टाळू, सगळी जिद्दी, सगळ्यांना आव्हानं आवडायची. तिला आव्हानं आवडत नव्हती. तिला नीट लावलेल्या फायली आवडायच्या आणि मधल्या सुट्टीनंतरची शांतता. तरी तिने चार ओळी उतरवून घेतल्या आणि पुन्हा वाचल्या. एखाद्या अनोळखी बाईची ओढणी चुकून आपल्या खांद्यावर आल्यासारखं तिला झालं. तिने त्या खोडल्या.

सासरे खिडकीशी बसून हे सगळं बघत होते. आयुष्यभर त्यांनी लहान वर्गांना शिकवलं होतं आणि अजूनही कुणी खोडरबर हातात घेतलं की त्यांचं लक्ष तिकडे जायचं.

“पत्र कुणाला लिहितेस बाळ?”

“रुग्णालयाला, अण्णा.”

“रुग्णालयाला डोळे नसतात. वाचणार कोण?”

तिने जाहिरात पाहिली. “‘अधिसेविका’ असं दिलंय. म्हणजे मोठ्या सिस्टर.”

“हां. मग त्या आत्ता या स्टुलावर बसल्यात असं समज. मी पोरांना निबंध आधी लिहूच द्यायचो नाही. आधी सांगा, म्हणायचो. सांगून झालं की मग पाटी. सांग मला, तू ऑफिसात काय करतेस?”

“काय करते म्हणजे? पत्रव्यवहार पाहते, नोंदी ठेवते…”

“ते टेबल पण करतं. तू काय करतेस?”

तिने खोडरबर खाली ठेवलं. मग म्हणाली, “पोट दुखतं म्हणून पोरं येतात, त्यांचं बघते.”

“कसं बघतेस?”

तिने सांगितलं. सांगता सांगता ती हात हलवू लागली, एका पोराची नक्कलही करून दाखवली, आणि अण्णा दात नसलेल्या तोंडाने मनापासून हसले. “हे लिही,” ते म्हणाले. “असंच.”

तिने कागद ओढला. पेन टेकवलं आणि लिहिलं : ‘उदरपीडेची तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत आवश्यक ती दक्षता घेण्यात येते.’

वाचून तिला रडूच यायचं बाकी राहिलं. तोंडात होतं ते पोर, आणि कागदावर उतरली ती नोटीस.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “पहिल्या वेळी सगळ्यांचं अक्षर रेघेच्या वर जातं.”

पण पुढच्या वेळेला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत दाखल्यांसाठी रांग लागलेली. तिने दोन हातांनी चार कामं करत दुपारी कसंबसं पत्र टंकलं. ‘सदर अर्जदार’ काढून ‘मी’ घातलं, ‘उपरोक्त’ गाळलं, बाकी बरंचसं तसंच राहिलं. छापलं, सही केली, दाखल्यांच्या ढिगातच ते पाकिटात घातलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून बस पकडली.

रुग्णालयाच्या काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट फोडलं, कागदांवर आवक शिक्का मारला, ते ट्रेमध्ये ठेवले आणि पोच हिच्या हातात दिली. झालं. बाहेर येऊन ती पायऱ्यांवर टेकली, पिशवीतून पोच काढून पाहिली, आणि पाहता पाहता तिला आठवलं की सही करताना हात जरा जास्तच वेळ चालला होता. नुसत्या सहीला इतका वेळ लागत नाही. सहीच्या वर तिने काहीतरी लिहिलं होतं.

ती उलट्या पावली आत गेली.

“माझं पत्र जरा बघू शकते का? आत्ताच दिलंय.”

मुलीने ट्रेमधून कागद काढून काचेमागूनच धरला. तळाशी, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, जसं रोज दहा वेळा लिहायची तसंच : ‘मुख्याध्यापकांकरिता’. आणि खाली तिची बारीकशी सही.

“परत मिळेल का? एक चूक झालीये. लगेच दुसरं देते.”

“शिक्का पडला ना,” मुलगी म्हणाली. “शिक्का पडल्यावर कागद देता येत नाही हो.”

हे वाक्य तिने स्वतः कितीतरी पालकांना ऐकवलं होतं, आणि याच आवाजात. त्यामुळे वाद घालायला तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता.

“अहो, पण त्यात मी… ते माझ्यासाठीच नाहीये. म्हणजे, अर्थ तसा होतो.”

मुलीने कागद डोळ्यांजवळ नेला. “म्हणजे मुख्याध्यापकांना इथे नोकरी पाहिजे?”

“नाही हो.”

“मग तुम्ही एवढं करा, दुसरं लिहून द्या. मी त्यालाही शिक्का मारते आणि दोन्ही जोडते. पण चारच्या आत. चारला ट्रे वर जातो.”

भिंतीवरच्या घड्याळात फार काही उरलं नव्हतं. जवळ ना संगणक, ना नमुना, ना कोरा कागद. मुलीने एक पाठकोरा कागद दिला. बसायला जागा नव्हती. बाकांवर आया होत्या, त्यांच्या मांडीवर तापलेली, किरकिरी पोरं. ती काउंटरच्या टोकाशी उभी राहिली. तिथेच एक बाप वाकून पुन्हा पुन्हा विचारत होता, “पोराला आत नेलंय, पण मला बोलावत का नाहीत?” आणि काउंटरवरची मुलगी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती, “नंबर आला की बोलावतील.” प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा चढत होता आणि तिचा थोडा सपाट होत होता.

विषय लिहायला जागा सोडावी की नाही, याचा विचार करायलाही सवड नव्हती. तिने लिहायला सुरुवात केली.

‘मोठ्या सिस्टरना,

याआधी दिलेलं पत्र माझंच आहे. सही करताना सवयीने भलतंच लिहिलं गेलं. मुख्याध्यापकांना याची कल्पनाही नाही.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते, मुलं मला ऑफिसताई म्हणतात. पोट दुखतं म्हणून मुलं माझ्याकडे येतात. मी आधी विचारते, आता तास कुठला आहे. गणिताचा असला तर पाणी देते, शेजारी बसवते आणि पेन्सिलींना टोकं काढायला लावते. तीन-चार पेन्सिलींत बहुतेकांचं दुखणं थांबतं. चित्रकलेचा तास असला तर लगेच घरी फोन करते, कारण चित्रकला सोडून कुणी उगाच येत नाही.

शाळेतून फोन गेला की आईबाप घाबरून धावत येतात. मी त्यांना आधी मूल दाखवते, मग रजिस्टरात सही मागते. उलटं केलं तर सही नीट येत नाही आणि माझ्यावर ओरडतात, ते बरोबरच आहे.

तुमच्याकडे मूल आत असतं आणि आईबाप बाहेर. त्यांना मूल दाखवता येत नाही. तेव्हा काय करायचं, ते मला माहीत नाही. ते मला शिकायचं आहे. मला दिवसाची नोकरी हवी आहे, कारण घरी लहान मुलगी आणि म्हातारे सासरे आहेत, हेही खरं.’

खाली सही केली. सहीच्या वरची जागा तिने दोनदा तपासली.

शिक्का बसला तेव्हा चार वाजायला थोडंच बाकी होतं. पण हलकं वाटण्याऐवजी बसमध्ये तिला एकेक ओळ टोचू लागली. पेन्सिलींचं कशाला लिहिलं? ‘माहीत नाही’ असं नोकरीच्या अर्जात कुणी लिहितं का? घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदाच चेष्टेच्या सुरात बोलला नाही. “गोदामाला होकार देऊन टाक,” एवढंच म्हणाला. “निदान हातची एक जागा तरी जायला नको. रात्रीचं बघू काहीतरी.” पलीकडे अण्णा पोरीला पाढे म्हणायला लावत होते.

शुक्रवारपर्यंत रुग्णालयाचा फोन आला नाही. गोदामाचा मात्र आला. “मॅडम, उद्या संध्याकाळी सहा. नाहीतर दुसरीला बोलावतो, रांग आहे.” तिचा जीव टांगणीला लागला होता. ऑफिसात तिने दोन मुलांच्या दाखल्यांची अदलाबदल केली. अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

शनिवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला: दुपारी या.

मोठ्या सिस्टर खरोखरच मोठ्या होत्या, खुर्ची पुरत नव्हती. समोर दोन्ही पत्रं एका टाचणीने जोडलेली. त्यांनी वरचं उलटलं, खालचं पाहिलं, पुन्हा वरचं पाहिलं.

“हे पहिलं मी अर्धं वाचून ठेवून दिलं होतं,” त्या म्हणाल्या. “असली पत्रं माझ्याकडे ढिगाने आहेत. दुसरं वाचलं. पेन्सिली वगैरे ठीक आहे. गोड आहे. पण मी तुम्हाला बोलावलंय ते या ओळीसाठी.” त्यांचं बोट ‘ते मला माहीत नाही’ वर होतं. “बाकी सगळ्यांना माहीत आहे. सगळे लिहितात, रुग्णांच्या नातेवाइकांना उत्तमरीत्या हाताळू. हाताळायला ती काय कपबशी आहे?”

सिस्टरनी पत्रावरचं बोट उचललं.

“इथे काही मुलं घरी जात नाहीत, ऑफिसताई. तेव्हाही तुम्हालाच बाहेर बसायचंय. जमेल?”

हो म्हणावं, असं तिच्या मनात आलं. सहाच्या आत गोदामाला कळवायचं होतं. हो म्हणणं सोपं होतं. तिच्या डोळ्यांपुढे काउंटरवर वाकलेला तो बाप आला.

“आत्ता नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “पळून जाणार नाही, एवढं सांगते.”

सिस्टरनी दोन्ही पत्रं फायलीत ठेवली. “एक महिना बघू. तुम्ही आम्हाला, आम्ही तुम्हाला. नाही जमलं तर मी स्पष्ट सांगेन, मला गोड बोलता येत नाही. पक्की नोकरी म्हणून आत्ता काही देत नाही. विचार करून सांगा.”

बाहेर आल्यावर तिने भिंतीला पाठ टेकली. एक महिना. महिन्यानंतर काय, ते कुणीच सांगितलं नव्हतं, आणि गोदाम तोवर थांबणार नव्हतं. तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या वर उभा होता, मागे साखळीचा आवाज येत होता.

“काय म्हणाले?”

“एक महिना बघणार. पुढचं काही नाही.”

त्याने साखळी थांबवली. “आणि तुझं काय म्हणणं?”

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारत नसे, निदान नोकरीच्या बाबतीत. “मला जायचंय,” ती म्हणाली. “भीती वाटतेय, पण जायचंय.”

“मग जा. आता ठेव, नाहीतर मीच अडकायचो.”

ती पुन्हा आत गेली, सिस्टरना होकार सांगून आली. मग गोदामाचा नंबर लावला.

“मी रात्रपाळीला येणार नाही,” ती म्हणाली.

“नीट विचार केलाय ना? परत फोन करू नका मग,” व्यवस्थापक म्हणाला आणि तिचं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.

तिने फोन पिशवीत टाकला. बस यायला बराच अवकाश होता, आणि स्वागतकक्षाच्या बाकावर एक आई एकटीच बसली होती, तिच्या शेजारी जागा होती. ती जाऊन तिथे बसली. काय बोलायचं ते तिला अजून माहीत नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाही.