सिउमोईच्या चहाचा बत्ता

मित्रांनो, मी पेरूच्या लाकडाचा एक जुना बत्ता आहे. आज मी जेमतेम वीतभर उरलो आहे. नवा होतो तेव्हा चांगला हातभर लांब होतो. बाकीचा मी कुठे गेलो म्हणाल, तर शिकेंग गावच्या माणसांच्या पोटात. दक्षिण चीनमधले आमचे हक्का लोक चहा नुसता उकळत नाहीत, वाटतात. आतून खाचा पाडलेल्या मातीच्या खलात चहाची पाने, शेंगदाणे, तीळ आणि पुदिना घालायचा आणि माझ्यासारख्या बत्त्याने गोल गोल घोटायचा. वर कढत पाणी आणि मूठभर चुरमुरे. घोटता घोटता लाकूडही झिजून चहात उतरते. त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. आमचे कामच ते.

मला थिएनसुंगने घरामागच्या झाडावरून तोडले, साल काढली आणि आपल्या नव्या नवरीच्या, सिउमोईच्या हातात दिले.

"हात दुखला तर सांग. मी घोटीन," तो म्हणाला.

"तुम्ही घोटलात तर शेजारणी खलात डोकावून तशाच परत जातील," ती म्हणाली.

सिउमोईचा हात मऊ, पण नेटाचा होता. लग्न असो, नव्या घरात राहायला जाणे असो, बाळाला महिना झाल्याचा चहा असो, गावातल्या बायका तिलाच बोलावत. शेजारची म्हातारी तर सगळ्यांसमोर म्हणायची, "हिचा चहा प्यायला की घरचा चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी वाटतं." अशा वेळी सिउमोई मान खाली घालून मला आणखी जोरात फिरवी.

तिला पहिली मुलगी झाली, मग दुसरी. दोघींच्या महिन्याच्या चहाला अंगण भरले होते. तिसरी मुलगी झाली तेव्हा मात्र सासूने खल बाहेर काढू दिला नाही. तिला नातू हवा होता. त्या काळी सरकारचे नियमही कडक होते. तिसरे मूल घरात ठेवणे सोपे नव्हते. डोंगरापलीकडच्या लुंगथाव गावात फुंगलान नावाची एक बाई होती. तिला मूल नव्हते. सासूने तिला निरोप धाडला.

फुंगलान आली त्या दिवशी सिउमोईने पाहुणीसाठी चहा वाटायला घेतला. वाटण केव्हाच लोण्यासारखे झाले होते, तरी तिचा हात थांबेना. चहा झाला की पाहुणी प्यायला बसणार होती, आणि पिऊन झाला की बाळाला घेऊन उठणार होती. शेवटी सासूनेच तिच्या हातातून मला काढून घेतले.

जाताना फुंगलान दारात थांबली. "तुझं दुःख मला दिसतंय गं," ती म्हणाली. "पण पोर माझी म्हणून वाढेल. तिला कधी काही सांगायचं नाही. नव्या वर्षाच्या सातव्या दिवशी तुमच्याकडे चहा असतो ना, त्याला दरवर्षी घेऊन येईन. तेवढं मी करते."

"नाही सांगणार," सिउमोई म्हणाली.

दोघींनी शब्द पाळला. नव्या वर्षाच्या सातव्या दिवशी सात भाज्या घातलेल्या चहाला फुंगलान डोंगर उतरून यायची. आधी पाठीला बांधलेली, मग बोट धरून चालणारी आलिन तिच्याबरोबर असायची. सिउमोई त्या दिवशी शेंगदाणे मुठीने नाही, ओंजळीने घालायची. आलिन वाडगा पुढे करून म्हणायची, "मावशी, अजून चुरमुरे."

एकदा तिने विचारले, "मावशी, तुम्ही माझ्याकडे सारखं काय बघता?"

"तुझ्या ओठाला तीळ लागलाय," सिउमोई म्हणाली आणि चुलीजवळचे फडके घेऊन तिचा कोरडा ओठ पुसला. फुंगलान आपल्या वाडग्यात बघत राहिली.

आलिन मोठी झाली आणि शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. सातव्या दिवसाचे येणे तुटक झाले. ती येत नसे त्या वर्षीही सिउमोई तिचा वाडगा भरून ठेवी आणि संध्याकाळी गार चहा स्वतःच पिऊन टाकी. पुढे गावात तयार पुडीचा चहा आला, समारंभांना मिक्सर आला. थिएनसुंग वारला. दोन्ही मुली सासरी गेल्या. मी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलो. माझ्यावर काजळी चढली, एका अंगाला कीड लागली.

मग आलिनचे लग्न ठरले. फुंगलानने स्वतः येऊन सांगितले, "चहा तूच वाटायचा." सिउमोईने मला घासून उन्हात वाळवले आणि लुंगथावला नेले. समोरच्या खोलीत नवरीने गुडघे टेकून फुंगलानला चहा दिला. सिउमोई आणि मी मागे चुलीपाशी होतो. थोड्या वेळाने आलिन तांबडा पोशाख सावरत आत आली. तिच्या हातात वाडगा होता.

"मावशी, तुम्हीच वाटलेला आहे. पण माझ्या हातून घ्या."

सिउमोईने दोन्ही हातांनी तो घेतला. फुंगलान दारात उभी होती. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले, तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली आणि ती निघून गेली.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात सिउमोई खोकल्याने अंथरुणाला खिळली आणि पुन्हा उठली नाही. फुंगलान आलिनला घेऊन आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला अंगण दिसत होते. तिथे सिउमोईच्या मुलींच्या कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी बांधत होते. फुंगलानने एक पट्टी उचलली आणि आलिनच्या कपाळाला बांधू लागली.

"आई, ही मुलींनी बांधायची असते."

"म्हणूनच बांधतेय."

आलिनचा हात पट्टीकडे गेला. फुंगलानने मागे गाठ मारली. "तुझ्या लग्नात सांगणार होते. मग म्हटलं, तुला बाळ झालं की सांगू. भीती वाटायची गं. तू मला परकी म्हणशील, अशी."

"आणि मावशीने का नाही..." आलिन 'मावशी' या शब्दावरच अडली.

"तिने मला शब्द दिला होता. त्यातून मी तिला सोडवायला हवं होतं. नाही सोडवलं."

आलिन आईवर ओरडली नाही. ती पुढे झाली आणि दोन बहिणींच्या शेजारी गुडघे टेकून बसली. जाताना त्या घरातून तिने फक्त मला मागून घेतले.

पुढच्या नव्या वर्षी सातव्या दिवशी तिने चहा वाटला. हाताला सवय नव्हती. पाने नीट वाटली गेली नाहीत, शेंगदाण्यांचे तुकडे राहिले. फुंगलानने तो चहा संपवला आणि वाडगा पुन्हा पुढे केला. आलिनने तो भरला. मग तिने माझ्यावरचे वाटण बोटाने निपटून चाटले आणि कितीतरी वेळ मला हातातच धरून बसली.

मित्रांनो, लाकडाचा बत्ता ओला ठेवू नये, बुरशी येते. धुवावा, उन्हात वाळवावा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. लाकडाला एवढे पुरते. इतकी वर्षे मी त्या दोन आयांच्या मध्ये होतो आणि मला सगळे ठाऊक होते. पण मला तोंड नव्हते. त्यांना होते. तुम्हालाही आहे.