चार मिनिटं आणि चाळीस डोकी

सभागृहात त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांच्या पक्षातले मानाने म्हणत, समोरच्या बाकांवरचे चिमटा काढत म्हणत. दारावरचा शिपाई मात्र मनापासून म्हणायचा, कारण त्याच्या मुलीला अपूर्णांक समजत नव्हते तेव्हा बाईंनी बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यालाच ते समजावून दिले होते, घरी जाऊन शिकवण्यासाठी. एकतीस वर्षे शाळेत शिकवून मग त्या राजकारणात आल्या. आता सदुसष्टी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते आणि विरोधी बाकांच्या शेवटून दुसऱ्या ओळीत बसायला लागून नऊ वर्षे झाली होती.

या नऊ वर्षांत बाई पुष्कळ बोलल्या. धान्याच्या भावांवर बोलल्या, सरहद्दीवरच्या गावांवर बोलल्या, नद्यांच्या पाण्यावर आणि सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बोलल्या. प्रत्येक भाषणासाठी आठ-आठ दिवस ग्रंथालयात कागद चाळायच्या. मंत्री मान डोलवायचे, "सूचनेची नोंद घेतली आहे" म्हणायचे, आणि सगळे पालथ्या घड्यावर पाणी. निम्म्या वेळा तर तोंड उघडायचीही संधी मिळत नसे. वेळ संपली की अध्यक्ष म्हणायचे, "बाई, भाषण पटलावर ठेवा." म्हणजे लेखी प्रत अधिकाऱ्यांच्या टेबलावर द्यायची. ती बोलल्यासारखीच धरली जाई, कामकाजाच्या जाड ग्रंथात छापली जाई, आणि त्या ग्रंथावर धूळ बसे.

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता आणि शेवटचे विधेयक शाळांचे होते. ज्या शाळेत वीसपेक्षा कमी मुले, ती बंद करायची आणि मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत पाठवायचे. बाईंची भाची अशाच एका शाळेत एकटी शिक्षिका होती. तिच्या अकरा मुलांनी मिळून एक पत्र लिहिले होते, खाली सगळ्यांची नावे, प्रत्येकाच्या हातची. ते सभागृहात वाचून दाखवायचे बाईंनी कबूल केले होते. मुले आज शाळेतल्या टीव्हीसमोर बसणार होती. मोठ्या बाई आपली नावे घेणार म्हणून एकाने म्हणे केसांना तेल लावले होते.

सकाळी अकरापासून बाई वाट बघत होत्या. दुपारी पक्षाचा प्रतोद त्यांच्याजवळ येऊन वाकला. कोणी बोलायचे, कोणी गप्प बसायचे, हे पक्षात तोच ठरवी. पंचेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ एके काळी बाईंच्याच वर्गात होता.

"बाई, चार मिनिटं मिळवलीत तुमच्यासाठी. सगळ्यात शेवटी. गोड मानून घ्या."

"कालपर्यंत दहा होती."

"काल काल होतं. सगळ्यांना सातची गाडी गाठायचीय. आणि एक सांगतो, रागावू नका. फाटे फोडू नका. समोरच्यांशी बोलणं झालंय, आवाजी मतदानात विधेयक मंजूर होईल आणि सगळे घरी."

"म्हणजे आपणच वाट करून देणार?"

"बाई, आपण विरोधात आहोत. आपल्याकडे डोकी कुठे आहेत?"

"डोकी आहेत रे. ती जागेवर नसतात."

तो हसला. "अजून ओरडताच तुम्ही मला." पण हसताना त्याने घड्याळ बघितले.

पाच वाजून वीस मिनिटांनी बाईंचे नाव पुकारले गेले. समोरच्या बाकाला धरून त्या उठल्या, चष्मा लावला, पत्राची घडी उलगडली. आणि उठल्या-उठल्या त्यांची नजर सभागृहावरून फिरली. त्यात काही डाव नव्हता. वर्गात शिरले की आधी मुले मोजायची आणि मगच खडू उचलायचा, ही एकतीस वर्षांची खोड होती. मोजून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण मोजले.

सत्तावीस. स्वतःला धरून.

नियम काही कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. चाळीस सदस्य हजर नसतील तर सभागृहाला काहीही मंजूर करता येत नाही. पण कोणीतरी उठून तसे म्हणावे लागते आणि कोणीच म्हणत नसे. जेवणानंतर डोकी मोजायची नाहीत, हा दोन्ही बाजूंचा जुना समझोता होता. आज आमची बाके रिकामी, उद्या तुमची, झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाईंनी पत्राकडे पाहिले. पहिली ओळ ठळक अक्षरांत होती, पुढे अक्षर बारीक होत गेले होते, कारण कागद संपत आला होता. हे वाचले तर अकरा नावे टीव्हीवर येतील, ग्रंथात छापली जातील, आणि दहा मिनिटांत त्यांची शाळा बंद होईल. डोक्यांचा प्रश्न काढला आणि चाळीस भरले नाहीत, तर कामकाज तिथेच संपेल. विधेयक चार महिन्यांनी येईल, तोवर सुट्टी संपून नव्या वर्षाच्या शाळा उघडलेल्या असतील आणि चालत्या वर्षात त्या बंद करता येणार नाहीत. पण मग पत्र कोणीच ऐकणार नाही. आणि समझोता मोडणाऱ्या बाईला पक्ष परत चार मिनिटेसुद्धा देणार नाही.

"बाई, आपली वेळ सुरू झाली आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या आवाजातही प्रवासाची घाई होती.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. "माननीय सदस्यांना नमस्कार. आमच्या शाळेत अकरा मुलं आहेत." आणि त्या थांबल्या.

"काय झालं बाई, चष्मा विसरलात?" समोरून कोणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले.

"चष्मा आहे," बाई म्हणाल्या. "म्हणूनच दिसतंय. महोदय, वीसपेक्षा कमी मुलं असली की शाळा बंद करा, असं हे विधेयक सांगतं. मी शिक्षिका, सवयीनं हजेरी घेतली. इथे सत्तावीस आहेत. आपला नियम चाळीस म्हणतो. कृपया मोजून घ्यावं."

शिक्षणमंत्र्यांनी कागद खाली ठेवला. मागून प्रतोदाचा दबका आवाज आला, "बाई, काय केलंत हे!"

अध्यक्षांचा इलाज नव्हता. त्यांनी घंटेची खूण केली. ही घंटा पाच मिनिटे वाजते, कॅन्टीनमध्ये, ग्रंथालयात, सगळ्या पडव्यांत. बाई खाली बसल्या. गुडघ्यांना बरे वाटले, तेवढाच काय तो नफा.

मग एकेक जण येऊ लागला. मंत्र्यांचा माणूस धावत बाहेर गेला होता, तो हाताला धरून आणावे तसे लोकांना आणत होता. एक जण ओठ पुसत आला. एक जण निघायच्या तयारीने बॅग घेऊनच आला. तीस झाले. चौतीस. बाईंच्याच पक्षाचे दोघे काही न समजता आत आले आणि शेजारच्याला विचारू लागले, "मतदान आहे का?" छत्तीस. बाईंनी डोळे मिटून घेतले. आपल्याच माणसांनी चाळीस भरावेत, हेही त्या नऊ वर्षांना शोभेसेच होते.

एकोणचाळीस. दारातून एक म्हातारे सदस्य काठी टेकत आले. चाळीस.

मंत्र्यांनी पाठ टेकली. घंटा अजून वाजत होती, अर्धे मिनिट उरले असेल. तेवढ्यात बाईंच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. प्रतोद उठला होता. फोन कानाला लावून, "हां, बोला, बोला," असे काहीतरी पुटपुटत तो मधल्या वाटेने निघाला. बाईंच्या बाकाजवळून गेला, पण त्यांच्याकडे बघितले नाही. दार ढकलून तो बाहेर पडला. शिपायाने त्याच्यामागे दार सावकाश, अगदी सावकाश ओढून घेतले.

घंटा थांबली. अधिकाऱ्यांनी मोजले, परत मोजले.

"एकोणचाळीस, महोदय."

समोर गलका उडाला. कोणी म्हणाले, हा रडीचा डाव आहे. कोणी म्हणाले, बाहेर आहेत, बोलवा त्यांना. अध्यक्षांनी हात वर केला, गणसंख्येअभावी अधिवेशन संपल्याचे वाचून दाखवले आणि सगळ्यांच्या आधी तेच उठले. बाईंच्या हातातल्या पत्राची एकच ओळ नोंदली गेली होती.

बाई बाहेर आल्या तेव्हा प्रतोद खिडकीशी उभा होता.

"कोणाचा होता रे फोन?"

"उचलला नाही."

"कानाला तर लावला होतास."

"बाई, आता पुरे." तो थकून म्हणाला. "पुढच्या अधिवेशनात तुमचं नाव यादीत नसणार. ती यादी करायला मीही नसणार बहुतेक. वर काय सांगू, तेवढं सांगा."

"खरं सांग."

"हे तुम्ही सातवीतही सांगायचात. तेव्हाही मार मीच खाल्ला." तो किंचित हसला आणि जिना उतरून गेला.

बाई बाहेरच्या बाकड्यावर टेकल्या. पायांना सूज होती. भाचीचा फोन वाजला तो लगेच.

"मावशी, मला कळलं गं सगळं. पण मुलं रुसलीत. तेल लावलेला तर बोलतच नाही. घे, ही बोलतेय." आणि फोनवर एक बारीक, कडक आवाज आला.

"मोठ्या बाई, तुम्ही एकच ओळ वाचलीत."

"हो गं."

"नावं घेतली नाहीत."

"नाही घेतली. नावं घेतली असती तर शाळा गेली असती. म्हणून मी माणसं मोजली. वर्गात कोणीच नसताना तुमच्या बाईंनी धडा शिकवला, तर तो शिकवला असं म्हणशील का?"

पलीकडे विचार चालला होता. बाईंनी घाई केली नाही. मुलाला विचार करायला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना ठाऊक होते.

"नाही," आवाज म्हणाला. "मग आमची शाळा उघडणार?"

"यंदा उघडणार."

"आणि पुढच्या वर्षी?"

बाईंना खोटे सांगता आले असते. नऊ वर्षे रोज ऐकले होते ते, चांगले पाठ होते.

"ते मला माहीत नाही, बाळा."

"बरं," आवाज म्हणाला. "मग पत्र फेकू नका. परत लागेल."

बाईंनी पत्राची जुन्याच घडीवर घडी घातली आणि पर्समध्ये चष्म्याच्या डबीखाली ठेवले. शिपाई आतले दिवे एकेका ओळीने मालवत होता. त्याने येऊन रोजच्यासारखा हात पुढे केला, आणि एरवी नको म्हणणाऱ्या बाईंनी या वेळी तो धरला.