नंदूचं राहिलेलं पाऊल

मी एक जुनी होम प्लेट आहे. इंदुरात प्लेट म्हटलं की आधी पोहे आठवतात, म्हणून सुरुवातीलाच सांगते, मी बेसबॉलच्या मैदानातली. पांढरं रबर, पाच कोपरे, काळी किनार. कुणाला ठेच लागू नये म्हणून जमिनीशी सपाट बसवलेली. खेळाडू माझ्याजवळ उभा राहतो, चेंडू मारतो आणि मला सोडून पळत सुटतो. पहिला बेस, दुसरा, तिसरा आणि पुन्हा मी. एवढा फेरा घालून त्याचा पाय मला लागला की एक धाव. नाही लागला, तर सगळा फेरा फुकट.

माझी गोष्टही तशीच पळेल, मित्रांनो. मध्ये एकदा तिला मागे फिरावं लागेल. चेंडू हवेतच झेलला गेला, तर धावणाऱ्याला आपल्या बेसवर परतावं लागतं. त्यात त्याचा दोष नसतो.

पहिला बेस

जालंधरच्या एका कारखान्यात मी साच्यातून बाहेर पडले, आणि रबराचा वास जाण्याआधीच इंदूरला पोहोचले. इथे 'मालवा मयूर' नावाचा व्यावसायिक संघ नव्याने उभा राहत होता. मोहन सर त्याचे प्रशिक्षक. जळगावहून इंदूरच्या कॉलेजात खेळ शिकवायला आलेला हा माणूस मला बसवताना गवंड्यासारखा गुडघ्यांवर बसला आणि लेव्हल लावून चारचारदा बघत राहिला.

"सर जी, इसमें क्या देख रहे हो? रबर तर आहे!" नंदू हसला.

"हे घर आहे, नंदू," सर म्हणाले. "घर वाकडं बसलं तर परत कोण येईल?"

नंदू इंदूरचाच. आजोबा मिलमध्ये कारकून होते, तेव्हापासूनचं मराठी घर. पोरगा हरणासारखा पळायचा, पण सगळं आयुष्य क्रिकेटमध्ये गेलेलं. पहिल्या सामन्यात त्याने चेंडू मारला आणि सवयीने बॅट हातात धरूनच पहिल्या बेसकडे सुटला. सर ओरडत होते, "बॅट टाक! अरे, बॅट टाक!" प्रेक्षकांतून आवाज आला, "भिया, घर ले जा रिया है क्या?" मैदान हसलं. नंदूही हसला. बेसवर पोहोचून त्याने आधी बॅट टेकवली, मग आठवण झाल्यावर पाय.

तो सामना आम्ही हरलो. तरी संघातल्या कुणालाही विचारा, सगळ्यात आधी तोच आठवतो.

दुसरा बेस

मग जिंकणं सुरू झालं. आमचा शंतनु एरवी चेंडू टाकणारा, पण एके दुपारी त्याने मारलेला चेंडू कुंपणावरून, रस्त्यावरून गेला आणि सोयाबीन भरलेल्या ट्रॉलीत पडला. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नाही. तो चेंडू सोयाबीनबरोबर इंदूरजवळच्या हातोद गावच्या मंडीत गेला. तेव्हापासून कुणी मोठा फटका मारला की पोरं ओरडायची, "हातोद! हातोद!"

माझी काळजी घेतली जायची. खेळ थांबला की अंपायर कमरेत वाकून छोट्या ब्रशने माझ्या तोंडावरची माती झाडत. जे पाय मला तुडवत तेच मला चमकवत. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग अंतिम सामना आला. शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे, दोन खेळाडू बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला, आणि नंदू तिसऱ्या बेसवर. शंतनुने चेंडू दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून काढला. नंदू निघाला. चेंडू अजून लांब होता, घसरत येण्याचीही गरज नव्हती. तो ताठ, हसत, दोन्ही हात वर करून आला. बरोबरी झाली म्हणून सगळे त्याच्या अंगावर तुटून पडले. ढोल वाजायला लागले.

अंपायरचे हात मात्र हलले नाहीत. धाव झाली असती, तर त्यांनी दोन्ही तळहात पसरून दाखवलं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. ही गोष्ट फक्त मोहन सरांच्या लक्षात आली.

"पाय! नंदू, पाय लाव! मागे फीर!"

ढोलांत काही ऐकू गेलं नाही. माझ्यामागे बसून चेंडू झेलणाऱ्या, समोरच्या संघाच्या कॅचरकडे चेंडू आला होता. तो त्या गर्दीत शिरला, हसणाऱ्या नंदूच्या खांद्याला त्याने चेंडू लावला आणि अंपायरकडे पाहिलं.

बाद. सामना संपला.

नंदू म्हणाला, "अरे, मी आलो ना घरी! सबने देखा!" सगळ्यांनी पाहिलं होतं. फक्त मला तो लागला नव्हता. त्याचा बूट माझ्यावर आला, आणि खाली येण्याऐवजी उचलला गेला. माझ्यावर त्याची सावली तेवढी पडली.

का?

इथे झेल पकडला गेला, मित्रांनो. मला मागे फिरावं लागेल.

पुन्हा पहिला बेस

त्या दिवशी खंडेनवमी होती. अवजारं पुजायचा दिवस. सकाळी मोहन सरांनी पाट मांडून त्यावर हेल्मेटं, हातमोजे, बॅटी ठेवल्या, झेंडूची फुलं वाहिली. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"हिला कशी विसरलो? नंदू, ये इकडे. तू हिच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलास. कुंकू तू लाव."

नंदू बूट काढून आला. ओल्या बोटाने त्याने माझ्या बरोबर मधोमध कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, डोकं टेकलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आज सांभाळून घे हं." आजवर हजारो पाय मला लागले होते, पण कपाळ पहिल्यांदाच लागलं.

दुपारी अंपायरने ब्रश फिरवला, फुलं उडाली. कुंकू ओलं असताना रबरात मुरलं होतं, ते निघालं नाही. त्या दिवशी आमचे दोन खेळाडू नंदूच्या आधी आले, पण दोघेही घसरत, हात पुढे करून. पायांवर ताठ येणारा नंदू पहिलाच. ज्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात, त्या घरातला मुलगा. खाली पाहिलं तर त्याच्याच बोटाचं कुंकू.

डोक्याने काही ठरवायच्या आत पाय उचलला गेला.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते, 'तुडव मला!'

तिसरा बेस

त्या धावेची चित्रफीत मोबाइलवरून गावभर फिरली. पानाच्या टपरीवर, दूध आणायला गेल्यावर नंदूला लोक विचारू लागले, "क्यों भिया, घर नी दिखा क्या?" शंतनुही एकदा बोलून गेला, "एक पाय ठेवायचा होता रे, बस एक पाय." नंदूने खरं कारण कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक आणखी हसले असते.

फक्त मोहन सरांना तो म्हणाला, "सर, पाय उचललाच गेला. मी नाही उचलला."

सरांचा चेहरा पडला. "कुंकू लावायला मी सांगितलं होतं," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी स्पर्धाच बंद झाली, संघ मोडला. नंदूने पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी धरली आणि पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. सरांनी मला कुदळीने उकरून काढलं, धुतलं आणि राजेंद्र नगरच्या आपल्या घरी भिंतीवर टांगलं. दर दसऱ्याला त्यांच्या पत्नी, मंजिरी काकू, मला हार घालत. पाहुणे माझं कौतुक करत. मी उभी होते, स्वच्छ होते, आणि माझ्याकडे कुणीही धावत येत नव्हतं.

सर मधूनमधून फोन लावत. "नंदू, एकदा ये रे. प्लेट खाली ठेवतो. एकदाच पाय ठेव. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी."

"हाँ सर, येतो. इस संडे पक्का."

ते रविवार येत आणि जात. सर मात्र दर रविवारी मला खिळ्यावरून काढून पुसत, दाराजवळ ठेवत, आणि संध्याकाळी पुन्हा टांगत.

घर

यंदा पितृपक्षाच्या थोडं आधी मोहन सर गेले. नंदू तेराव्याला आला. केस विरळ झालेले, अंग सुटलेलं. माझ्या शेजारच्या खिळ्यावर आता सरांचा फोटो होता. काकूंनी त्या दिवशी आम्हा दोघांनाही हार घातला होता.

तो जायला निघाला तेव्हा काकूंनी माझा हार काढला, मला उचललं आणि अंगणात फरशीवर ठेवलं.

"काकू, हे काय?"

"त्यांनी सांगून ठेवलंय. तुझं काहीतरी राहिलंय म्हणे."

"आत्ता हार होता तिच्यावर. कसा ठेवू पाय? आणि सर कुठे आहेत बघायला? मी यायला हवं होतं, काकू. दर रविवारी यायला हवं होतं."

काकू म्हणाल्या, "हे बघ, मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण दर रविवारी दाराकडे बघत बसलेला माणूस मी पाहिलाय. ठेव पाय."

नंदूने चप्पल काढली. जुनी सवय. अंगणाच्या फाटकापर्यंत मागे गेला आणि तिथून आला. धावला नाही, चालत आला. त्याचा अनवाणी पाय माझ्या मधोमध पडला. पुसट झालेल्या त्या लाल डागावर. पूर्ण वजनानिशी.

तो तसाच उभा राहिला, मान खाली घालून.

"लागला?" काकूंनी विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग आता तो अंपायर काय करतो?"

नंदूने दोन्ही तळहात समोर धरून बाजूला पसरून दाखवले. मंजिरी काकू पदर खोचून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनीही तसेच दोन्ही हात पसरले. पसरलेले हात बराच वेळ त्यांनी खाली घेतले नाहीत.

ती धाव कुठेही लिहिली जाणार नाही, मित्रांनो. ज्याला ती बघायची होती तो भिंतीवर हसत होता.

तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. आवडत्या म्हणून टांगलेल्या, जपलेल्या, पुजलेल्या. त्यांना हार घाला, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना त्यांच्या कामापासून तोडू नका. माझं काम पायाखाली असण्याचं होतं, आणि तोच माझा मान होता. आणि तुमची वाट बघत कुणी दर रविवारी दाराशी बसत असेल, तर या रविवारीच जा. चालत गेलात तरी चालेल.