नानांच्या कानांचं बटण

"ह्याला फोन म्हणायचं? बोट लावलं की सटकतंय ओल्या साबणासारखं," नाना सुनेच्या कोपराशी उभे राहून पुटपुटत होते.

सून ओट्याशी चहा गाळत होती. तिचा फोन साखरेच्या डब्याला टेकून ठेवलेला. नानांनी त्यावर किती वाजले ते बघायला बोट लावलं होतं आणि त्यात कुठली तरी बाई नाचायला लागली होती.

"वस्तू कशी असावी? बटण दाबलं, सुरू. बटण दाबलं, बंद. जी आपल्या बोटानं बंद होत नाही ती वस्तू आपली नसते, सूनबाई. आपण तिचे असतो."

"खरं आहे, नाना," असं म्हणून तिनं फोन उचलला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला. चेहरा तापला होता. चहाची वाफ होती म्हणून बरं, निदान कारण तरी होतं.

रविवारी दुपारी नणंद माहेरी यायची आणि ती आली की टेबलाभोवती तीन पक्ष बसायचे. नणंदेचा पक्ष महागड्या फोनचा. एकदाच घ्यावं, चांगलं घ्यावं, आणि मागची बाजू सगळ्यांना दिसेल असं टेबलावर पालथं ठेवावं. सुनेच्या नवऱ्याचा पक्ष निम्म्या पैशांत तेच मिळतं म्हणणाऱ्यांचा. तो घेण्यापेक्षा घेण्याआधीच्या अभ्यासातच रमायचा, आणि अभ्यास पुरा होईपर्यंत ते मॉडेल दुकानातून गायब झालेलं असायचं. नानांचा पक्ष बटणांचा. त्यात ते एकटेच होते, पण बोलायचे मात्र बहुमत खिशात असल्यासारखे. ह्या वयातही ते रोज सकाळी स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करायच्या दुकानात अर्धा दिवस बसायचे, आणि आठवडाभरात तिथे आलेला प्रत्येक बिघडलेला डबा रविवारी त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायचा.

सुनेला पक्ष नव्हता. तिच्याकडे चहा होता. आणि नानांचे कान होते.

त्याचं असं झालं. नानांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी दोन यंत्रं दिली, शेंगदाण्याएवढी. त्यांचा आवाज कमीजास्त करायचा तो फोनमधून. नानांचा फोन बटणांचा, त्यात ते ॲप काही केल्या बसेना. "मग नवा फोन घ्या," डॉक्टर म्हणाले. "मग कान नकोत," नाना म्हणाले. शेवटी सुनेच्या फोनात ॲप घालायचं ठरलं. "ती सगळ्यांचंच ऐकून घेते," नाना डॉक्टरांना म्हणाले, "माझं ऐकणंही तिच्याकडेच असू दे."

सुरुवातीला सगळं सरळ चाललं होतं. मिक्सर लागला की नाना कानाकडे बोट करायचे, ती फोनवरची निळी पट्टी खाली ओढायची. मिक्सर थांबला की पट्टी वर. नाना मान डोलवून "आला" म्हणायचे, दारात पाहुणा आल्यासारखं.

मग एका रविवारी नाना नणंदेला समजावत बसले, की ज्या फोनची बॅटरी आपल्याला काढता येत नाही तो फोन म्हणजे झाकण शिवून टाकलेलं पातेलं. सांगून झालं, परत सांगितलं, मग पहिल्यापासून सुरुवात केली. नणंदेचं आदल्याच दिवशी ऑफिसात कुणाशी तरी वाजलं होतं, तिचे डोळे भरायला लागले होते. आणि सुनेनं टेबलाखाली, कुणी न सांगता, पट्टी थोडी खाली केली. थोडीशीच. नाना वाक्याच्या मध्येच थबकले. त्यांनी कानामागे बोटानं टकटक केलं, कपात पाहिलं, आणि विनोद न कळताही सगळ्यांबरोबर हसणाऱ्या पाहुण्यासारखे हसले. मग गप्प झाले.

नणंदेनं बिस्किटांची बशी वहिनीपुढे सरकवली.

त्या बशीनं सगळं ठरवून टाकलं. पुढच्या रविवारपासून नवरा आपल्या कानाची पाळी चोळायला लागला, डास चावल्यासारखी. नणंद नुसती भुवई उडवायची. सून टेबलाखाली अंगठा फिरवायची. घरात ह्याबद्दल चकार शब्द निघाला नाही, नवरा-बायको दोघंच असतानाही नाही. शब्द काढला असता तर त्या गोष्टीला काहीतरी नाव द्यावं लागलं असतं. उलट तिनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती, की तेवढाच नानांच्या डोक्याला आराम. नाना चहा संपवून उठताना तिच्या खांद्यावर थोपटायचे. "तुझ्यामुळे चाललंय बघ माझं." त्या थोपटण्याचं ओझं ती संध्याकाळपर्यंत खांद्यावर वागवायची.

आणि गेल्या रविवारी ती पट्टी वर करायला विसरली.

सोमवारी ती दातांच्या दवाखान्यात तिच्या नेहमीच्या काउंटरवर होती. एका पेशंटला पुढची तारीख द्यायला तिनं फोन उघडला आणि निळी पट्टी दिसली, पार तळाला. वर लिहिलं होतं, यंत्रं जवळ नाहीत. जवळ कशी असतील, ती दुकानात होती, नानांच्या कानात. दुकानाचा नंबर तिच्याकडे होता. पण लावून सांगणार काय? माझ्या सासऱ्यांना म्हणावं ताबडतोब दवाखान्यात या, त्यांचे कान मी खिशात घेऊन आले आहे? तिनं पेशंटला चुकीची तारीख दिली, मग खोडून बरोबर दिली.

संध्याकाळी दारात चपला काढता काढताच तिनं पट्टी वर केली. आतून नानांचा आवाज आला, एकदम ताजा. "सूनबाई, आलीस का? बघ, चपलांचा आवाजसुद्धा ऐकू आला."

दुकानात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. आठवडाभर नाना सकाळी घरीच बसले. "बरं वाटत नाही जरा," एवढंच म्हणायचे.

आणि आज रविवार होता. ती ट्रे घेऊन बाहेर आली तर टेबलावर फोनचा वाद सुरूच झाला नव्हता.

"मी दुकान सोडलं," नाना म्हणाले. "मालकाला काल सांगून टाकलं."

"सोडलं म्हणजे?" नवऱ्यानं विचारलं. "अहो, घरात बसून करणार काय तुम्ही?"

"तुम्हाला शहाणपण शिकवीन." नाना हसले, पण दुसरं कुणी हसलं नाही. मग ते टेबलावर बोट फिरवत बोलायला लागले. "गाण्याच्या बाईंचा अँप्लिफायर होता. मी लावून पाहिला, शांत वाटला, म्हटलं घेऊन जा. बाईंनी तिथेच परत लावायला सांगितला. गुणगुण होती त्यात. सगळं दुकान ऐकत होतं, मी सोडून. बाई म्हणाल्या, नाना, एवढंही ऐकू येत नाही? मालक काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

सुनेनं ट्रे ठेवला. चारी कप टेबलावर मांडले.

"हे येतं आणि जातं," नाना सांगत होते. "रविवारी जास्त होतं. तुम्ही सगळे बोलत असता आणि मध्येच कापूस कोंबल्यासारखं होतं. इतके दिवस बोललो नाही, उगाच तुम्हाला घोर कशाला. पण दुरुस्तीचं काम असं येऊन-जाऊन करता येत नाही."

नवऱ्यानं बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. नणंदेनं फोन पालथा होता तो उताणा केला, मग पुन्हा पालथा केला.

"ही यंत्रंच जुनी झालीत, नाना," ती म्हणाली. "आता फार पुढचं मॉडेल आलंय. आमच्या ऑफिसातल्या एकीच्या आईनं घेतलं."

"महागातलं कशाला?" नवरा लगेच म्हणाला. "आत सगळ्यांत तेच असतं. मी बघितलंय. फक्त बॅटरी कुणाची किती टिकते ते पाहायचं."

"दादा, तू बघत बसशील आणि नानांचं वय वाढत राहील."

"आणि तू डबी बघून घेशील, सोनेरी आहे का रुपेरी."

दोघं भांडायला लागले. बॅटरीवरून, चार्जिंगच्या डबीवरून, वॉरंटीवरून, रोजच्यापेक्षा मोठ्यानं. आज भांडणात त्यांना कसला तरी आधार वाटत होता. सून एकदा नवऱ्याकडे, एकदा नणंदेकडे बघत राहिली. कुणी तिच्या नजरेला नजर देईना.

"अरे, माझ्यापायी खर्च करू नका," नाना मध्येच म्हणाले. "यंत्राचा काही दोष नाही. यंत्र बिचारं चांगलं आहे. मीच एवढी वर्षं दुसऱ्यांच्या डब्यांना नावं ठेवत आलो, आणि आता माझाच डबा..."

त्यांचा आवाज चिरकला. आणि नवऱ्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला. सवयीनं गेला असेल. किंवा बापाचा तसा आवाज ऐकवला नसेल.

सुनेचा अंगठा खिशात आपोआप फोनवर पोचला होता. तो तिथे आहे हे तिला कळलं. तिनं फोन बाहेर काढला आणि चारी कपांच्या मधोमध ठेवला, उताणा, निळी पट्टी वर दिसेल असा.

"नाना," ती म्हणाली, "तुम्हाला काही झालेलं नाही. गेल्या रविवारी मी आवाज कमी केला होता आणि वाढवायचा राहिला. सोमवारी तुम्ही तसेच दुकानात गेलात."

नानांनी फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधूनही तिला सापडला नाही. उलट ते मोकळे झाल्यासारखे दिसले.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "एवढंच ना? राहतं एखाद्या वेळी. मिक्सर लावला असशील तेव्हा."

"हो ना," नणंद घाईनं म्हणाली. "मिक्सरच असणार, वहिनी."

"मिक्सरच," नवरा म्हणाला. "मालकाशी मी बोलतो उद्या."

नानांनी हात पुढे केला, नेहमीसारखा तिच्या खांद्यावर थोपटायला. ती खुर्ची सरकवून मागे झाली.

"मिक्सर नव्हता, नाना. तुम्ही बोलत होतात. आम्हाला ऐकायचं नसायचं, म्हणून दर रविवारी मी तुमचे कान बंद करत होते."