सहा फेऱ्यांची मोटर

वाइंडरबाईंच्या दुकानावरच्या पाटीत दुकानाचं नाव बारीक होतं आणि खालची ओळ ठळक: ‘आमच्या हातची मोटर जळत नाही.’ अशी पाटी कुणीही लावेल हो, त्याला काय लागतं? पण ती एकतीस वर्षं खरी ठेवायची म्हणजे खायचं काम नाही. बाईंनी ठेवली होती. पंपाच्या, गिरणीच्या, पंख्यांच्या, लिफ्टच्या हजारो मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्या. जळकी तार उपटायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं आणि मग मोटर पूर्ण भारावर चालवून तिच्या अंगावर तळवा ठेवून दहापर्यंत मोजायचं. दहापर्यंत हात टिकला तरच मोटर गिऱ्हाइकाच्या ताब्यात. नाही टिकला तर पुन्हा उघडायची, मग गिऱ्हाईक दारात उभं राहून कितीही बोंबलेना का.

आणि अशा बाईचा नवरा गावभर ‘धूरवाले’ म्हणून ओळखला जावा! आता काय बोलायचं, सांगा.

नवरा शिंपी. दोघांचे गाळे शेजारी शेजारी, मध्ये छातीएवढी भिंत. इकडे बाईंचं वाइंडिंगचं यंत्र, तिकडे त्यांचं शिलाई मशीन. माणूस सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खूळ एकच, रिमोटवर पळणाऱ्या हातभर लांबीच्या बोटी. दर वर्षी गावाबाहेरच्या तळ्यावर या बोटींची शर्यत व्हायची. क्लब सगळ्यांना एकसारखी मोटर द्यायचा, मुठीत मावेल एवढी, सहा व्होल्टची. नियम दोनच. मोटरचं बाहेरचं कवच तेच राहिलं पाहिजे आणि सहा फेऱ्या पुऱ्या झाल्या पाहिजेत. आत तार कसली भरायची आणि बॅटरी केवढी जोडायची, ते ज्याचं त्यानं बघावं.

मग काय, सहा व्होल्टच्या मोटरला कुणी नऊ द्यायचा, कुणी बारा. शिंपीबुवा अठरा द्यायचे! वर बोटीचा पंखाही सगळ्यांपेक्षा मोठा लावायचे. पहिल्या दोन फेऱ्यांत बोट अशी सुटायची की लोक जागचे उठायचे. चौथ्या फेरीत निळसर धूर निघायचा आणि पाचवीत सगळं गार. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शिंपीबुवा पाण्यात उतरायचे आणि मेलेली बोट काखेत मारून परत यायचे. अशी अकरा वर्षं.

बायको मोटरींची एवढी जाणकार, पण त्यांनी तिला कधी विचारलं नाही. आणि बाईंनी या बाबतीत तोंड उघडलं ते फक्त टोमणे मारायला. “सहा व्होल्टवर बिचारी वीस वर्षं चालली असती,” त्या म्हणायच्या. “तिच्या जिवावर उठायची एवढी कसली घाई होती तुम्हाला?”

“शर्यत वीस वर्षं नसते ना गं,” शिंपीबुवा म्हणायचे आणि मशीन चालू करायचे.

या वर्षी मात्र शर्यतीच्या पंधरा दिवस आधी ते भिंतीला वळसा घालून बाईंच्या गाळ्यात आले. क्लबची नवी मोटर त्यांनी टेबलावर ठेवली.

“अगं, ही तू भरून देशील?”

बाईंनी मानही वर केली नाही. “मी जळणाऱ्या मोटरी भरत नाही.”

“माहीत आहे,” शिंपीबुवा म्हणाले. “पण पुढच्या वर्षी विचारणार नाही. तळ्याच्या पलीकडच्या खुणेपाशी बोट गेली की मला नुसता ठिपका दिसतो. पुढच्या वर्षी तोही दिसायचा नाही.”

बाईंच्या हातातली तार तशीच राहिली. गेलं वर्षभर सुईत दोरा त्याच ओवून देत होत्या. दोघांनाही सगळं माहीत होतं, पण बोललं कुणीच नव्हतं. तरी त्या हो म्हणाल्या नाहीत, कारण पाटी काही नुसती पत्र्याची नव्हती. बाईमाणूस मोटरी काय भरणार म्हणून हसणाऱ्या अख्ख्या बाजाराला दिलेलं ते उत्तर होतं.

दोन दिवस त्या पंपच भरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी चहा पिताना एकदम म्हणाल्या, “एक फेरी किती सेकंदांची?”

“पंचवीस.”

“म्हणजे सगळी मिळून अडीच मिनिटं.” त्यांनी कप खाली ठेवला. “एकतीस वर्षांत मी अडीच मिनिटांची मोटर भरलेली नाही. आणा ती इकडे.”

आणि मग बाई कामाला भिडल्या! आतली केसासारखी तार उपटून त्यांनी जाड तार घेतली आणि वेढे कमी केले, म्हणजे मोटर जास्त वीज ओढणार आणि वेड्यासारखी फिरणार. एवढ्या वेगात तार बाहेर फेकली जाऊ नये म्हणून वेढे दोऱ्यानं आवळावे लागतात. बाईंकडचा दोरा पंपांच्या मापाचा, त्या मोटरच्या खोबणीत तो जाईना. तेव्हा शिंपीबुवांनी भिंतीवरून कोटाच्या बटणांचा दोरा पुढे केला. बाईंनी ओढून पाहिला आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, “चांगलाय.” कवचाभोवती तांब्याची बारीक नळी गुंडाळली, तिच्यातून तळ्याचंच पाणी खेळवून मोटर थंड ठेवायची. मग त्यांनी नवऱ्याचा लाडका मोठा पंखा उचलला आणि सरळ कानस लावून घासायला घेतला.

“अगं, अगं! तोच तर वेग देतो!”

“तोच तर मोटर खातो! अकरा वर्षं तिप्पट वीज दिलीत आणि ओझंही वाढवलंत. वीज वाढवायची तर पंखा लहान करायचा. एवढं मला विचारलं असतंत, तर काय मुकुट पडला असता?”

“तू हसली असतीस.”

“हसलेच असते. पण सांगितलंही असतं.”

कपडे धुवायच्या टबात मोटर चालवून पाहिली. एका मिनिटानंतर बाईंचा तळवा तिच्यावर आठपर्यंत टिकला, दोन मिनिटांनंतर पाचपर्यंत. अडीच मिनिटांनंतर तीन म्हणता म्हणता त्यांनी हात काढला. दहाशिवाय मोटर न सोडणारी बाई तीनवर थांबली आणि म्हणाली, “न्या.” आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

शर्यतीच्या दिवशी तळ्याकाठी टेबल मांडून निवृत्त पोस्टमास्तर नावं लिहून घेत होते. कागदावर एक रकाना होता, ‘मोटर कुणी भरली?’ शिंपीबुवा पेन धरून घुटमळले. “क्लबची आहे तशीच, असं लिहू का गं? कुणाला कळतंय?” बाईंनी पेन हिसकावून घेतलं आणि ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

गेली चार वर्षं जिंकणारे दाताचे डॉक्टर मागेच उभे होते. त्यांची पिवळी बोट बारा व्होल्टवर पळायची, झेपेल तेवढ्यावरच. “वाइंडरबाई,” ते म्हणाले, “उद्या पाटी उतरवायला शिडी पाठवू का?” आजूबाजूचे खो खो हसले.

“आधी बोट पुढे काढा डॉक्टर, शिडीचं मग बघू.”

बाईंनी उडवून लावलं, पण शिंपीबुवांचा चेहरा उतरला. त्यांच्या मनाला ते लागलं.

शिट्टी झाली आणि बोट सुटली. काय सुटली म्हणता! नाक वर काढून, पाण्याला नुसती टेकत, चिरकत गेली. दुसऱ्या फेरीला ती पिवळीच्या पुढे होती, तिसरीला आणखी पुढे. चौथी फेरी आली आणि सवयीनं सगळ्यांचे डोळे धुराकडे लागले. धूर नाही! “धूरवाले, आज विसरलात काय?” कुणीतरी ओरडलं. बाई मात्र बघत नव्हत्या, डोळे मिटून ऐकत होत्या. मोटरचा सूर त्यांच्या छातीत वाजत होता, एकसारखा आणि स्वच्छ. या हातांनी भरलीय ही, त्यांना वाटत होतं.

सहाव्या फेरीच्या तोंडाशी सूर खाली आला.

बाईंनी डोळे उघडले. बोट हळू झाली होती आणि पिवळी तिला गाठत होती. लोक म्हणाले, दमली मोटर. पण दमलेली मोटर घरघरते, अडखळते. हा सूर नुसता उतरला होता. मोटर दमली नव्हती, नवऱ्यानं रिमोटवर हात आखडता घेतला होता!

बाई पदर खोचून काठाकाठानं पळत सुटल्या. “अहो! कमी का केलंत?”

“वास येतोय गं वार्निशचा!” शिंपीबुवांना एवढ्या लांबचा धूर दिसत नव्हता, पण वारा त्यांच्याकडे होता आणि अकरा वर्षांचं नाक फसणार थोडंच? “असंच आणलं तर वाचेल ती. दुसरा नंबर चालेल मला. तुझी पाटी...”

“पाटी गेली खड्ड्यात!” बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पोस्टमास्तरांच्या हातातला भोंगा खाली आला. “दाबा! पूर्ण दाबा!”

त्यांनी दाबलं. मोटर किंचाळली. शेवटच्या खुणेला वळसा घालताना पिवळी बोट खांद्याला खांदा लावून होती, आणि मग पिवळी मागे पडून दोघींमध्ये वीतभर पाणी दिसलं, मग हातभर. रेषा पंधरा हातांवर असताना बोटीतून काळा लोट उठला आणि आवाज तुटला. मेलेल्या मोटरची बोट नुसत्या वेगावर घसरत, घसरत आली आणि पिवळीच्या अर्धी बोट आधी रेषा ओलांडून गेली.

“पहिला नंबर, शिंपीबुवा!” भोंगा गरजला. “मोटर भरणाऱ्या, वाइंडरबाई!” एवढा धूर झाला होता, पण धूरवाले असं कुणीही म्हटलं नाही. डॉक्टरांनी स्वतः पाण्यात उतरून बोट आणून दिली आणि शिडीचं नावही काढलं नाही.

बाईंनी बोटीचं झाकण उघडून मोटरवर तळवा ठेवला. एक म्हणायच्या आत उचलावा लागला. तळहाताला फोड आला, तो पुढचे आठ दिवस त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

पाटी अजून तिथेच आहे. तिच्या खाली ती काळीठिक्कर मोटर तारेनं टांगलेली आहे. पंप घेऊन येणारं नवं गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं, मग मोटरकडे बघतं आणि चाचरत विचारतं, “बाई, ही कुणाची?”

“माझी. मीच भरलेली.”

“जळलीय की हो.”

“तुमचा पंप किती चालायला हवा?”

“वीस वर्षं तरी.”

“मग वीस वर्षांचा भरते. ही सहा फेऱ्यांची भरली होती, सहा फेऱ्या चालली. बसा, सांगते.”

आणि बाई पहिल्या फेरीपासून सगळं सांगतात, तिखटमीठ लावून. गोष्ट सहाव्या फेरीला आली की भिंतीपलीकडचं शिलाई मशीन थांबतं. “मी धावत गेले,” बाई म्हणतात, “आणि ओरडले...” पण पुढचं वाक्य त्यांना आजवर एकदाही पुरं करता आलेलं नाही. ते भिंतीपलीकडून शिंपीबुवाच म्हणतात, दर वेळी, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

“पाटी गेली खड्ड्यात! दाबा!”