जाईमावशीची स्लाइड

स्लाइडवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण हा नंबर प्रितीला पाठ होता. जाईमावशीला हाताला धरून दुर्बिणीच्या तपासणीला तिनंच नेलं होतं. आई कामावर गेली की चाळीतली जी शेजारीण लहानपणी तिला भरवायची, तिच्याच पोटातला तुकडा आता परळच्या लॅबमध्ये तिच्या मायक्रोस्कोपखाली होता.

शोध एका प्रथिनाचा होता. कॅन्सरच्या पेशींच्या कडेला ते भरपूर असेल तर तपकिरी रंग गडद चढतो. त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. तीन आले तर किमोबरोबर आणखी एक इंजेक्शन देता येतं, आणि त्यानं बऱ्याच जणांचं आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. एक आला तर ती वाट बंद.

रंग गडद होता. प्रितीच्या मनानं लगेच 'तीन' म्हटलं, आणि तिथंच ती दचकली. हे मी बघतेय की माझी माया बघतेय? तिनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पेशीभोवतीचं तपकिरी कडं कुठंच पुरतं जुळत नव्हतं. तिनं 'एक' लिहिला.

लॅबच्या पद्धतीप्रमाणे तीच स्लाइड तिची सहकारी मेलानी हिनंही स्वतंत्रपणे वाचली होती. आकडे ताडताना ती हसायलाच लागली.

"एक? चष्मा गिरगावला घरी विसरलीस काय गं?"

"कडं बंद नाहीये, मेलानी."

"अगं, हे पोट आहे, स्तन नव्हे! वर्षानुवर्षं स्तनाच्या स्लाइडी बघून तुला सगळीकडे बंद कडीच हवी. पोटात पेशींची आतली बाजू कोरी राहते. तीन बाजू रंगल्या की झालं."

प्रितीला हे माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. ती हळूच म्हणाली, "ही माझी जाईमावशी आहे. गुण देताना लाड होतील म्हणून भ्यायले."

मेलानीचं हसू मावळलं. "मग तू वाचायलाच नको होतीस, वेडे." तिनं स्लाइड उचलून लॅबचे प्रमुख हितेंद्र सरांकडे नेली, कुणाची ते न सांगता.

सरांनी डोकं वर न काढताच विचारलं, "तीन. यात भांडण कसलं?"

संध्याकाळी प्रिती वरळीला चाळीत गेली तेव्हा मावशी भिंतीला टेकून बसली होती. पेजेची वाटी शेजारी तशीच होती.

"मावशी, तुला एक जास्तीचं इंजेक्शन मिळेल."

"म्हणजे बरी व्हईन?"

"तसं नाही सांगता येत. बऱ्याच जणांचे दिवस वाढतात. सगळ्यांचे नाही."

मावशीनं बोटांवर महिने मोजले. "जयंतीपर्यंत? तवर चाळीच्या नवीन बिल्डिंगची चावी मिळंल म्हणतात. बाबासाहेबांच्या फोटोपुढं पहिली मेणबत्ती मला लावायचीय. हे वाकडी लावतात."

"वाकडी असली तरी पेटते ना!" मावशीचे यजमान बुधाजी दारातून म्हणाले.

"आपण प्रयत्न करू," प्रिती म्हणाली. तिचा आवाज जरा ओलावला.

"रडतेस कशाला? ते इंजेक्शन सोसायला अंगात जोर लागंल की नाय?"

"लागेल."

"मग दे ती वाटी इकडं. आणि जरा मीठ घाल. आळणी केलीय यांनी."